ढोलकी हार्डवेअर कॉम्प्रेसरमधून फिरवून आणली की पोकळ होतेय, बाहेरचं गियर आणि सॉफ्टवेअर एकत्र वापरणाऱ्यांनी मदत करा

धुम_आणि_शाई
नमस्कार मंडळी. मी पुण्यात घरच्याच एका खोलीत लोकसंगीताची कामं मिक्स करतो, लावणी, गौळण, गोंधळ, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग वगैरे. आत्तापर्यंत सगळं कॉम्प्युटरच्या आतच चालायचं. आता एक एलए-२ए च्या धर्तीचा ऑप्टो (दिव्यावर चालणारा) कॉम्प्रेसर आणि एक ११७६ च्या धर्तीचा एफईटी (ट्रान्झिस्टरवर चालणारा) असे आवाजाचे चढउतार दाबणारे दोन मोनो डबे घेतलेत. ऑडिओ इंटरफेसला (कॉम्प्युटरमधून आवाज आतबाहेर करणाऱ्या डब्याला) आठ इन आठ आउट आहेत, त्यातले ३ आणि ४ नंबर या दोघांना कायमचे जोडून ठेवलेत. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर रीइन्सर्ट हा प्लगिन टाकतो, आवाज बाहेर जातो, डब्यातून फिरतो, परत येतो.

गाण्यावर ऑप्टो लावला तर खरंच छान वाटतंय. पण ढोलकीचं गणित बसत नाहीये. ढोलकीचा मूळ ट्रॅक तसाच ठेवायचा, त्याची कॉपी एफईटीतून जोरात दाबून काढायची आणि खालून हळूहळू मिसळायची, असा पॅरलल प्रकार मी नेहमी प्लगिनने करतो आणि त्यात धुम (ढोलकीच्या डाव्या बाजूचा खालचा आवाज) मस्त भरून येतं. तेच हार्डवेअरने केलं की फेडर जसजसा वर नेतो तसतशी ढोलकी पोकळ होत जाते, रिकामा पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी. गंमत म्हणजे तो दाबलेला ट्रॅक एकटा सोलो करून ऐकला तर झकास वाजतो. पोलॅरिटी (सिग्नलचं अधिक-उणं) उलटी करून पाहिली, तर वेगळ्या जागी पोकळ होते, सुधारत नाही.

दुसरा प्रश्न लेव्हलचा. रीपरमधून किती लेव्हलने पाठवायचं? मीटर -६ ला टेकलं की डब्याची सुई कधी पार उजवीकडे जाते तर ढोलकीला जागची हलतच नाही. आणि तिसरा, मोठ्यांनी सांगा, एवढा खटाटोप नेमका कुठे करायचा आणि कुठे प्लगिनवर भागवायचं?

काळी_चार
सोलोला चांगला, मिसळला की पोकळ, पोलॅरिटी उलटी केली तरी नुसती भोकाची जागा बदलते, हे सगळं वेळेतल्या फरकाकडेच बोट दाखवतंय. परत आलेला ट्रॅक मूळ ट्रॅकच्या थोडा मागे आहे. किती मागे ते मोजलंयस का? सॅम्पल रेट काय, बफर काय?

धुम_आणि_शाई
४८ किलोहर्ट्झ, बफर १२८. मोजलं नाही दादा, मला वाटलं रीइन्सर्ट आपोआप भरपाई करतो, तो ऑटोमॅटिकचा टिक चालूच आहे.

डागवाला
तो टिक काय करतो ते आधी बघ. ड्रायव्हर रीपरला सांगतो की माझी जाण्यायेण्याची लेटन्सी (उशीर) इतकी, आणि रीपर तेवढी वजा करतो. आता ड्रायव्हरने सांगितलेला आकडा खरा असेलच असं नाही ना. कन्व्हर्टरच्या (अ‍ॅनालॉगचं डिजिटल आणि उलट करणाऱ्या भागाच्या) आत जे डिजिटल फिल्टर असतात ते स्वतः काही सॅम्पल वेळ खातात, जाताना वेगळा येताना वेगळा, शिवाय यूएसबीचा एखादा लपलेला सेफ्टी बफर असतो, आणि यातलं बरंचसं काही ड्रायव्हर हिशोबात धरत नाहीत. एकच ट्रॅक पूर्णपणे बाहेरून फिरवून आणला तर हे कधी कळतही नाही, कारण १ मिलीसेकंद इकडे तिकडे कोणाच्या कानाला लागत नाही. पण त्याच आवाजाची मूळ कॉपी शेजारी वाजत असेल तर लगेच लागतं.

मोजायची पद्धत सांगतो, एकदा नीट कर. डबा बाजूला ठेव, आउट ३ ला केबल लाव आणि तीच केबल सरळ इन ३ मध्ये घाल. रीपरमध्ये एका ट्रॅकवर टोकदार क्लिक ठेव, एकच सॅम्पल उंच असलेली मिळाली तर उत्तम, नाहीतर मेट्रोनोमची चालेल. त्या ट्रॅकवर रीइन्सर्ट टाक, ऑटो टिक चालू ठेव, आणि त्याचं आउटपुट दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर. टाइमलाइनचं रूलर सॅम्पलमध्ये कर आणि झूम करत करत एवढं आत जा की एकेक सॅम्पल ठिपक्यासारखा दिसायला लागेल. मूळ क्लिकचं शिखर आणि परत आलेल्याचं शिखर यांच्यातले सॅम्पल मोज. तोच तुझा आकडा. परत आलेली क्लिक मूळ क्लिकसारखी सुटसुटीत दिसणार नाही, शिखराच्या आजूबाजूला बारीक लाटा दिसतील, त्या कन्व्हर्टरच्या फिल्टरच्या आहेत, घाबरू नकोस, सगळ्यात उंच ठिपका धर.

क्यूबेस आणि लॉजिकवाल्यांना यासाठी बटणच आहे, ते स्वतः पिंग पाठवून मोजतात. तरी मी म्हणेन एकदा हाताने मोजून खात्री करा.

धुम_आणि_शाई
मोजलं! ४१ सॅम्पल उशिरा येतंय.

काळी_चार
मग सगळं जुळतं बघ. ४८ किलोहर्ट्झला ४१ सॅम्पल म्हणजे ०.८५ मिलीसेकंद. तेवढ्या उशिराने तोच आवाज मिसळला की पहिलं भोक साधारण ५८५ हर्ट्झला पडतं, पुढचं त्याच्या तिप्पट म्हणजे १७५६ च्या आसपास, मग पाचपट २९२७, असं वरपर्यंत. म्हणजे ढोलकीचं अंग जिथे असतं तिथून ते शाईच्या बाजूच्या टणत्कारापर्यंत सगळीकडे फणी फिरलीये. दोन्ही ट्रॅक सारख्या लेव्हलला आले की भोकं सगळ्यात खोल, म्हणून तू फेडर वर नेशील तसं जास्त पोकळ होत गेलं. पोलॅरिटी उलटी केलीस की भोकं आणि उंचवटे यांच्या जागांची अदलाबदल होते आणि एकदम खालचं धुम पण जातं.

आता रीइन्सर्टमध्ये जादा डिलेचा रकाना आहे तिथे ४१ सॅम्पल भर आणि परत तीच क्लिक चाचणी कर, फरक शून्य यायला हवा. शून्य न येता ८२ आला तर चिन्ह उलटं कर. एक सॅम्पलचा फरक राहिला तरी चालेल, ४८ ला एका सॅम्पलने भोक पडतं ते २४ किलोहर्ट्झला, ऐकण्याच्या पलीकडे. पण १० सॅम्पल राहिले तर २४०० हर्ट्झला भोक, ते चालणार नाही.

आणि बफर बदललास, सॅम्पल रेट बदललास किंवा ड्रायव्हर अपडेट केलास की परत मोजायचं.

सुरपेटी_ताई
पॅरललचं काम असेल तर माझा एक आग्रह आहे, शक्य तिथे मिसळण्याचं काम डब्यातच होऊ दे. काही कॉम्प्रेसरला मिक्सचं बटण असतं, त्यात मूळ आणि दाबलेला आवाज आतल्या आत अ‍ॅनालॉगमध्येच मिसळतो, कन्व्हर्टर दोघांनाही सारखाच लागतो, त्यामुळे वेळेचा प्रश्नच येत नाही. तसं बटण नसेल तर दुसरी युक्ती. दाबलेला ट्रॅक प्रिंट केलास, म्हणजे डब्यातून परत आलेला आवाज नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलास, की डबा बायपास करून मूळ ढोलकी पण त्याच वाटेने एकदा फिरवून आण आणि प्रिंट कर. मग मिक्समध्ये या दोन प्रिंट वापरायच्या, दोघींचा उशीर एकच. भजनाच्या कामात पखवाजाला मी असंच करते.

अजून एक, नुसती वेळ जुळवली म्हणजे संपलं असं नाही. ट्रान्सफॉर्मर असलेलं गियर खालच्या फ्रीक्वेन्सीची फेज थोडी सरकवतंच. त्यामुळे वेळ अचूक बसली तरी धुमाचा पोत प्लगिनपेक्षा वेगळा येईल. तो आवडला तर ठेव, नाही तर ढोलकीची डावी बाजू त्या वाटेने पाठवूच नको, हाय पास लावून फक्त वरचा भाग पाठव.

जुनी_टेप
धुम_आणि_शाई, बेटा, तुझ्या लेव्हलच्या प्रश्नाकडे कोणी वळलेलं दिसत नाही म्हणून लिहितो.

तुझ्या डब्याला रीपरचं मीटर माहीत नाही, त्याला व्होल्टेज माहीत आहे. व्यावसायिक गियरची ठरलेली पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. सुईवाल्या मीटरवर शून्य दिसतं ते तिथे. घरगुती गियरची -१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट, दोघांत जवळपास १२ डीबीचा फरक. इंटरफेसच्या मागे किंवा त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये +४ आणि -१० चं बटण असतं, ते आधी +४ वर कर, इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे.

मग रीपरमधून साइन टोन सोड. लोक १ किलोहर्ट्झचा सोडतात पण आपले साधे मल्टिमीटर एवढ्या वरच्या फ्रीक्वेन्सीला नीट मोजत नाहीत, ते ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले, म्हणून १०० हर्ट्झचा सोड. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलच्या टोकाशी टिप आणि रिंग यांच्यात मोज, एक्सएलआर असेल तर पिन २ आणि ३ मध्ये. टोनची लेव्हल कमीजास्त करत १.२३ व्होल्ट येईपर्यंत जा. ज्या आकड्याला ते येईल तो वहीत लिहून ठेव. -१८ ला आलं तर तुझ्या इंटरफेसची कमाल +२२ डीबीयू, -१४ ला आलं तर +१८. पुढे आवाज, हार्मोनियम, बासरी यांची सरासरी त्या आकड्याच्या आसपास ठेवून पाठवायची, शिखरं वर गेली तर जाऊ देत, तेवढी जागा असते.

ढोलकीला सुई का हलत नाही ते पण ऐक. व्हीयूची (डब्यावरच्या मीटरची) सुई ३०० मिलीसेकंदांत वर पोचेल अशी मुद्दाम संथ ठेवलेली असते, ती सरासरी दाखवते. ढोलकीची थाप त्याआधीच येऊन गेलेली असते. म्हणून तालवाद्यं सुईवर पाठवायची नाहीत, शिखरांवर पाठवायची, रीपरच्या मीटरला -८ ते -६ आणि परत येणारा ट्रॅक लाल होत नाही ना ते बघायचं.

धुम_आणि_शाई
काका, माझ्याकडे -१४ ला १.२३ आला. इतके दिवस इनपुट -१० वर होतं, त्यामुळेच परत येणारा सिग्नल सारखा लाल होत होता. आता कळलं.

एडिसनकर
तिसऱ्या प्रश्नावर मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. मी इथे न्यू जर्सीत इतकी वर्षं मिक्सिंग करतोय, माझ्याकडे रॅक भरून हार्डवेअर होतं, आता बरंचसं विकलं. एलए-२ए, ११७६, पुलटेक, एसएसएलचा बस कॉम्प्रेसर यांचे आजचे प्लगिन इतके जवळ आलेत की मिक्समध्ये ओळखणं फार कठीण. आणि माणसं तुलना करतात तेव्हा लेव्हल जुळवत नाहीत, हार्डवेअरमधून आलेला ट्रॅक अर्धा डीबी जरी मोठा असला तरी कानाला तोच चांगला वाटणार. आधी दोन्हीचा लाउडनेस जुळवा, मग कोणाला तरी अदलाबदल करायला सांगून न बघता ऐका. त्यानंतरही हार्डवेअर आवडलं तर जरूर वापरा.

समिंग बॉक्सबद्दल (ट्रॅकची बेरीज बाहेर अ‍ॅनालॉगमध्ये करणाऱ्या डब्याबद्दल) तर स्पष्टच सांगतो, सॉफ्टवेअरमधली बेरीज फ्लोटिंग पॉइंटमध्ये होते, ती अतिशय स्वच्छ असते, ती "सुधारायला" पैसे घालायची गरज नाही. बॉक्समधून जो फरक येतो तो ट्रान्सफॉर्मरचा आणि मागच्या प्रीअँपचा असतो. तो रंग हवा असेल तर स्टिरिओ बसवर एक चांगली जोडी पुरे.

सुरपेटी_ताई
एडिसनकर, लेव्हल जुळवण्याबद्दल शंभर टक्के. समिंगबद्दल पण. पण गाण्यावरच्या ऑप्टोबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. त्या डब्यात एक दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रेझिस्टर असतो, आवाज वाढला की दिवा उजळतो आणि लेव्हल खाली येते. सोडताना तो अर्धा पल्ला साधारण ६० मिलीसेकंदांत सोडतो आणि उरलेला अर्धा सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत रेंगाळत सोडतो, आणि किती वेळ किती जोरात गायलंय त्यावर हे बदलतं. अभंगात एखादी बाई वरच्या षड्जावर ठेहराव घेते आणि मग हळू आवाजात "विठ्ठला" म्हणत खाली उतरते, तिथे हा रेंगाळणारा रिलीज तिचा श्वास पुढे ओढून आणत नाही. प्लगिन पण हे करतात, मान्य, चांगले करतात. पण मी रेकॉर्डिंगच्या वेळीच डबा लावते, गाणारीला हेडफोनमध्ये तो आवाज मिळतो आणि ती त्यावर गाते. मिक्सच्या वेळी कुठलाही प्लगिन लावून हे परत मिळत नाही. माझ्या मते हार्डवेअरचा खरा उपयोग तिथे आहे, गाणं होत असताना.

उलट कशाला लावू नये ते पण सांगते. तानपुरा बाहेर फिरवू नका, काही मिळत नाही, फक्त नॉइज वाढतो. हार्मोनियम एफईटीत दाबली तर भात्याचा फसफस आवाज आणि पट्ट्यांची खडखड वर येते. तबल्याला जलद रिलीज लावलात तर आस (थापेनंतर रेंगाळणारा नाद) वर येते, ती हवी असेल तर लावा, विलंबितात ती गाण्यावर चढते.

डागवाला
ताईंच्या म्हणण्याला जोडून एफईटीबद्दल. ११७६ चा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद असतो, म्हणजे त्याचा "हळू" सुद्धा ढोलकीसाठी बराच जलद आहे. आणि त्याची बटणं उलटी आहेत, ७ म्हणजे सगळ्यात जलद आणि १ म्हणजे सगळ्यात हळू, हे अटॅक आणि रिलीज दोघांना लागू. लावणीच्या ढोलकीत शाईवरच्या बोटांचा कडकडाट टिकवायचा असेल तर अटॅक १ ते ३ मध्ये ठेव, रिलीज ६-७ वर, रेशो ४. पॅरललसाठी जास्त दाबणार असशील तर मग सगळं वेगळं, तिथे मोकळेपणाने फिरव.

धुम_आणि_शाई
४१ भरल्यावर क्लिक शून्यावर आली. मग डबा बायपास करून मूळ ढोलकीविरुद्ध पोलॅरिटी उलटी करून लेव्हल जुळवली, जवळजवळ सगळं गप्प झालं, नुसती बारीक कुजबुज राहिली. आणि पॅरलल आता असा लागतोय की विचारू नका, धुम छातीत येतंय आणि शाई पुढे उभी आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

पण आता लेव्हल बरोबर झाल्यावर परतीच्या वाटेवर एक घूं असा आवाज स्पष्ट ऐकू येतोय, आधी कदाचित झाकला जात होता. स्पेक्ट्रमवर ५०, १५० आणि २५० ला काठ्या दिसतात. लॅपटॉपचा चार्जर काढला की बराच कमी होतो. एका मित्राने सांगितलं डब्याच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक.

डागवाला
अर्थची पिन काढायची नाही. कधीच नाही. त्या एलए-२ए च्या डब्यात व्हॉल्व्हना लागणारा काहीशे व्होल्टचा डीसी असतो आणि आत काही बिघडून तो पत्र्याला लागला तर अर्थ हीच तुझ्या आणि त्याच्यामधली एकमेव गोष्ट आहे. तुझ्या मित्रालाही सांग. आणि तो डबा बंद केल्यावर सुद्धा लगेच उघडू नकोस, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

घूं येतो कारण लॅपटॉप, इंटरफेस आणि डबे वेगवेगळ्या सॉकेटवर असतात आणि अर्थच्या दोन वाटा मिळून एक कडं तयार होतं. पहिलं काम, सगळं एकाच चांगल्या बोर्डवर आण. दुसरं, इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटला अर्थ खरंच आहे का ते तपासून घे, पुण्यामुंबईच्या जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं आणि मागे अर्थची वायरच नसते. तिसरं, सगळीकडे बॅलन्स्ड केबल, टीआरएस किंवा एक्सएलआर, कुठेही साधी गिटारची केबल नको. एवढं करूनही राहिलं तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाक, तो कडं तोडतो आणि विजेच्या अर्थला हात लागत नाही.

कोणी परदेशातून जुनं गियर आणत असेल तर प्लग लावण्याआधी मागचं ११५/२३० चं स्विच बघा. जुन्या काही गियरमध्ये एक्सएलआरची पिन ३ हॉट असते, ते पण बघा, नाहीतर पोलॅरिटी उलटी येईल.

मांडवीकाठ
गोव्याहून. पावसाळ्यात इथे हवेतला दमटपणा एवढा की सप्टेंबरात पॉट (फिरवायची बटणं) फिरवले की खरखर सुरू होते आणि पॅचबेच्या (सगळ्या गियरच्या जोडण्या एका जागी आणणाऱ्या जॅकच्या पट्टीच्या) नॉर्मल संपर्कात कधी एक चॅनलच जातो. मी पावसाळाभर रॅक रोज थोडा वेळ चालू ठेवतो, त्याच्या उष्णतेने आत ओल धरत नाही, आणि पावसाळा संपला की पॉटना आणि जॅकना कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो. पॅचबेवर सिग्नल गायब झाला तर जॅक घालून काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. कोकणपट्टीत हार्डवेअर घेणाऱ्याने हे धरूनच चालावं.

जुनी_टेप
शेवटचं माझं एक. हार्डवेअर प्रिंट करून मोकळा हो. मिक्स संपेपर्यंत रीइन्सर्ट चालू ठेवलास तर रेंडर रिअल टाइममध्येच करावं लागतं, आणि दोन महिन्यांनी मंडळाने फोन करून सांगितलं की गाणं अर्धा डीबी वर घ्या, तेव्हा बटणं कुठे होती ते कुठून आणणार? प्रिंट कर, मूळ ट्रॅक म्यूट करून ठेव, डब्याचा समोरून फोटो काढून प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये टाक. टेपवर काम करायचो तेव्हा ढोलकी आणि गाणं एकदा बसलं की बसलं, त्यावर पुढचं ठरायचं.

सुरपेटी_ताई
डागवाला, एक विचारते. कोरसच्या स्टिरिओ ट्रॅकवर माझा एकच मोनो ऑप्टो आधी डाव्या बाजूवर आणि मग त्याच सेटिंगने उजव्या बाजूवर फिरवला तर चालेल का?

डागवाला
तांत्रिकदृष्ट्या होतं पण मी करणार नाही ताई. दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या नाहीत, डावीकडची एक बाई जोरात गायली की फक्त डावी बाजू खाली जाईल आणि अख्खा कोरस क्षणभर उजवीकडे सरकेल. स्टिरिओला लिंक असलेली जोडी हवी. तोपर्यंत कोरसला प्लगिन लावा आणि डबा मुख्य गायिकेसाठी ठेवा.